हौसाचा कौल

तुझं तेरावं उरकलं, हौसा, आणि माझं मागचं दार अजून वाजतंय. दुपारी शाळा सुटून मी घरी येते, चहाचं आधण ठेवते, आणि कडी खुळखुळते. वारा आहे, एवढं मलाही कळतं. वारे कसे वाहतात ते फळ्यावर बाण काढून शिकवणारी बाई मी. तरी पदराला हात पुसत जाते, दार उघडते, तर बाहेर नुसता फणसाचा पाचोळा. मग मीच त्या रिकाम्या पायरीवर ओरडते, "यायचं असेल तर आत ये, नाहीतर जा बाई एकदाची!" परवा ते आमच्या ह्यांनी ऐकलं. उठून चहा तेवढा गाळला.

तुझा मारुती सांगत होता, दहाव्याला कावळा घास ठेवल्या ठेवल्या शिवला. "आई सुटली, बाई. काय सुदीक मागं ऱ्हायलं न्हवतं तिचं." सगळी वाडी समाधानानं घरी गेली म्हणे. मला मात्र संताप आला. काही मागे राहिलं नव्हतं? माझ्याशी चाललेलं भांडण अर्धवट टाकून गेलीस, ते कुठे गेलं? त्या कावळ्याला कुणी सांगितलं, की हिचं सगळं आटोपलंय म्हणून? आणि खरंच आटोपलं असेल, तर माझ्या दाराशी कोण येतं?

बावळट प्रश्न आहेत, मला माहीत आहे. पण तू असतीस तर त्यांनाही उत्तर दिलं असतंस.

तुझी माझी ओळख दुधाची. मी कुसगावच्या शाळेत लागले, हे लोणावळ्याला स्टेशनात पार्सल ऑफिसात, आणि आम्ही शाळेजवळच दोन खोल्या घेतल्या. तू वरच्या वाडीतून डोंगर उतरून रतीब घालायला यायचीस. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "दुधात पाणी आहे." तू म्हणालीस, "म्हशीनं पिल्यालं आसंल." तिथंच जमलं आपलं. तू मला शेवटपर्यंत 'बाई' आणि 'तुमी' म्हणालीस, मी तुला 'हौसा' आणि 'तू'. पण दटावायचीस मात्र तूच. पुढच्या दारानं कधी आली नाहीस. पुढचं दार पाहुण्यांचं, म्हणायचीस.

मग माझं दुखणं निघालं. अंघोळ करताना हाताला लागलेली गाठ. आजार हत्तीच्या पावलानं येतो म्हणतात. हा मेला मुंगीच्या पावलानं आला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तेव्हा जसं करत, तसं सगळं काढलं. नुसती गाठ नव्हे. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं. वर कोबाल्टच्या मशीनखाली किरणांचा शेक. घरी आले ती अर्धी होऊन. डावा हात सुजून खांबासारखा झालेला, पदर सावरायलाही उचलेना.

आणि गावात कुणी त्या दुखण्याचं नाव घेईना. 'गाठीचं', 'मोठं', 'तसलं'. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आमच्या माणसांनीही मूठ आवळली. शेजारणी दारातूनच विचारपूस करायच्या. पोरांना बाईंकडचं पाणी पिऊ नका म्हणून घरोघर बजावलेलं. माझ्याच वर्गातल्या एका पोरीनं मला ते भाबडेपणानं सांगून टाकलं. त्या दुपारी तू आलीस, किटली ठेवलीस, माझ्या उष्ट्या कपात उरलेला चहा बशीत ओतलास आणि फुर्र करून प्यायलीस. "गार झालाय," म्हणालीस, "दुसरा टाका." मला डॉक्टरांनी वाचवलं हे खरंच आहे, हौसा. पण मी शाळेत परत जायला लागले ती त्या दुपारनंतर.

आणि मग सुरू झाल्या आपल्या बैठका! हॉस्पिटलातून मी दोन गोष्टी घेऊन आले होते, सुजलेला हात आणि वाचायची खोड. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना मी प्रश्न विचारून विचारून भंडावलं होतं, शेवटी त्यांनी जुनी मासिकं आणि पुस्तकंच माझ्या उशाशी आणून टाकली. ती सगळी विद्या मी तुझ्यावर ओतायची. तू पायरीवर बोटाला मिसरी घेऊन दात घासत बसलेली, मी आत तांदूळ निवडत.

मी सांगायची, आपल्या जुन्या वैद्यांनी याला अर्बुद म्हटलं, ग्रीक लोकांनी खेकडा, कारण गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा त्यांना नांग्यांसारख्या दिसल्या. पावसाळ्यात बांधावर खेकडे धरणारी तू. लगेच म्हणालीस, "खरं हाये त्येंचं. नांगी तोडली तरी परत फुटती." मी सांगितलं, दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका सर्जनच्या ध्यानात आलं, की धुराड्यांत उतरून काजळी खरवडणाऱ्या पोरांना मोठेपणी हे दुखणं फार होतं, बाहेरून लागलेल्या वस्तूनं कॅन्सर होतो, हे तेव्हा कळायला लागलं. तू म्हणालीस, "आन चुलीपुढं जल्म काढनाऱ्या बायांचं कोन बगतंय?" मी म्हटलं, आधी ती तंबाखूची मिसरी थुंक, तोंडाच्या कॅन्सरवाल्या बायका मी डोळ्यांनी बघून आलेय. तू थुंकलीस, आणि दुसऱ्या दिवशी परत लावून आलीस. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ही म्हण तुझ्यावरूनच पडली असणार.

क्ष-किरण सापडले, मग रेडियम, त्या गोष्टी तुला फार आवडायच्या. पण ज्या बाईनं रेडियम शोधून काढलं, तिला शेवटी त्याच किरणांनी नेलं, हे सांगितलं तेव्हा मिसरीचं बोट तोंडातून काढलंस. "बाईच व्हती?" एवढंच विचारलंस. लढाईतल्या विषारी वायूचंही सांगितलं होतं. त्यानं रक्तातल्या पेशी मरतात हे बघून कुणीतरी त्याच जातीच्या विषाचं औषध केलं, आता ते शिरेतून देतात. "काट्यानं काटा काढायचा," तू म्हणालीस. मी म्हटलं, काढतात, पण पुष्कळदा परत उगवतो. आमच्या वॉर्डाशेजारी रक्ताचा कॅन्सर झालेली लहान मुलं होती. औषध लागू पडलं की उठून व्हरांड्यात खेळायची. मग काही दिवसांनी... तू मला पुढचं बोलू दिलं नाहीस.

एकदा तू विचारलंस, "एवडी शानी मानसं इतकी वर्सं शिकत्यात, मंग आजून कापायचंच का, बाई?" मी काहीतरी लांबलचक उत्तर दिलं होतं. काय ते आता आठवत नाही. तुझा प्रश्न आठवतो.

तुझी गाठ तू मला दाखवली नाहीस. तुझ्या चोळीवर काखेखाली काळा डाग दिसला, बिब्ब्याचा. मी विचारलं तर म्हणालीस, केसतूड झालंय. मी दार लावून तुझा हात वर केला. आवळ्याएवढी गाठ, आणि वर बिब्बा घालून घालून भाजलेली कातडी.

"कधीपासून आहे ही?"

"लावनीपासनं."

"अगं, कापणी झाली आता! गाढवापुढे गीता वाचत होते का मी इतके दिवस?"

"मंग काय लावनी सोडून तुमच्याकडं येऊ? आन वरडू नगा, शाळा ऐकंल."

मी रजा टाकली आणि तुला मुंबईला घेऊन गेले. त्याच हॉस्पिटलात, त्याच बाकावर. तुकडा काढून तपासला. डॉक्टर माझ्याशी बोलले, तुझ्याशी नाही. वेळ गेलेली नाही, लवकर ऑपरेशन, मग शेक. मी तुला समजावून सांगायला लागले, तर तू मला हातानं थांबवून सरळ डॉक्टरांना विचारलंस, "नुसती गाट काडा की. आख्खं कशापायी?" ते हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाले, "मुळं राहतात, मावशी. सगळं काढावं लागतं." "मंग परत न्हाई ना येनार? खात्री हाये?" तू विचारलंस. ते समोरचे कागद चाळायला लागले.

परत आल्यावर एके दुपारी मी पुढचं दार लावलं, मागचं लावलं, आणि तुझ्यासमोर चोळीच्या गाठी सोडल्या. ह्यांनाही मी ते कधी उजेडात दाखवलेलं नाही. मला वाटलं, बघू दे हिला, याच्यानंतरही बाई जगते, शिकवते, भांडते. तू जवळ आलीस. तुझा तो खरबरीत तळवा तू हळूच ठेवलास, जिथं काही उरलेलं नाही तिथं. फासळ्यांवर. खूप वेळ ठेवलास. मग म्हणालीस, "वावरावानी सपाट केलंय." आणि माझा डावा हात उचलून वजन बघितलंस. "ह्यो हात लावनीला चालंल का, बाई?"

"हात नाही चालला तरी जीव राहील."

"आमच्याकडं हात आन जीव येगळं न्हाईत."

मग माझ्या चोळीच्या गाठी तूच बांधल्यास. "झाका, गारठा हाये," म्हणालीस. मला वाटलं, पटलं तुला. मी पुढच्या तयारीला लागले.

आणि लागले म्हणजे कशी लागले! तुझ्या नवऱ्याला, धोंडूला, शाळेच्या व्हरांड्यात बोलावून घेतलं. तो बिचारा टोपी हातात धरून उभा. "तिला काय इचारायचं, बाई? तिला काय कळतंय? तुमी म्हनाल तसं." मारुती देहूरोडच्या डेपोत कामाला, त्यानं साहेबाकडून सुट्टी मागून घेतली. हॉस्पिटलात खाट ठरली. म्हशींचं कोण बघणार ते ठरलं. सगळं इतकं झटपट जुळलं, की मला माझाच अभिमान वाटला. "बघा," मी ह्यांना म्हणाले, "मी करते म्हटलं की करते."

ठरल्या दिवशी लोणावळ्याच्या फलाटावर मी थर्मास घेऊन उभी. पिशवीत तुझ्यासाठी नवीन लुगडं. मारुती आला, धोंडू आला. तू वाघजाईला पाया पडून मागनं येते म्हणून सांगितलं होतंस. गाडी आली, उभी राहिली, गेली. आम्ही तिघं तिथंच. धोंडू म्हणाला, "देवीनं आडवलं जनू." मी त्याच्यावर खेकसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मागच्या दारानं आलीस. किटली खाली ठेवलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "डावा पडला, बाई. वाघजाई न्हाई म्हनली."

कौल मला नवा नव्हता. देवीच्या शेंदरी पाषाणाला गुरवआबा ओल्या पाकळ्या चिकटवतात, आपण मनातलं विचारायचं. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. तुमच्या वाडीत सोयरीक, विहीर, म्हैस ठेवायची की विकायची, सगळं तिच्यापुढं ठरतं. आणि एकदा डावा पडला की विषय मिटला. त्यावर पाटीलही बोलत नाही.

पण मी बोलले. आठवतं ना? "तुझी वाघजाई काय डॉक्टरकी शिकलीय? पाकळी ओली असते तोवर चिकटते, वाळली की पडते, ह्यात देव कुठं आला? चल, परत लाव कौल, मी येते बरोबर, बघू काय म्हणते ती!" तू म्हणालीस, "देवीला सारकं सारकं इचारू न्हाई." मी म्हटलं, "मरशील, हौसा." तू म्हणालीस, "आसंल." डोंबल तुझं ते 'आसंल'! त्याच्यावर डोकं आपटून घ्यावं नाहीतर गप्प बसावं. धोंडूकडे गेले तर त्यानं हात जोडले, "देवीच्या म्होरं आमचं काय चालतंय, बाई?" कालपर्यंत माझ्या शब्दाबाहेर नसलेला माणूस.

मी तुझं दूध बंद केलं. तू तरी येत राहिलीस, रिकाम्या हातानं पायरीवर बसायचीस, आणि मी आत भांडी आपटायची. मग दुष्काळ पडला, रेशनवर तो लाल मिलो, परदेशातली ज्वारी, मिळायला लागला. एक दिवस मी तो चाळत होते, तू दारातून बघून म्हणालीस, "आमची म्हस बी वास घिऊन तोंड फिरिवती. तुमच्या ह्यास्नी घालताय व्हय?" मला हसू फुटलं. अबोला तिथं संपला, भांडण नाही.

खोटं कशाला बोलू, त्या काळात तू चांगली होतीस. दोन्ही हातांनी लावणी केलीस. कापणी केलीस. नातू झाला, त्याला खांद्यावर घेऊन डोंगर चढलीस. मी तुला चढताना बघायची आणि माझ्या मनात एकच, आत ते काय करत असेल आता, कुठवर गेलं असेल. तू हसायचीस तेव्हाही मला तेच दिसायचं. मारुतीच्या पोराच्या बारशाला तू पाळणा म्हटलास आणि मी तुझ्या आवाजात खोकला शोधत बसले होते. असं कुणी कुणावर प्रेम करू नये.

मग गाठ फुटली. रोज शाळेतून आल्यावर मी ती धुवायची, कडुलिंबाचं पाणी, मग डॉक्टरांनी दिलेलं मलम, मग धुतलेल्या धोतराच्या पट्ट्या. तू छताकडे बघत गावातल्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचीस, म्हणजे मला तुझ्या तोंडाकडे बघावं लागू नये. एकदा मधेच विचारलंस, "तुमाला भ्या वाटलं व्हतं का, बाई? कापताना?" मी म्हटलं, अजून वाटतं. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास, लहान पोरीच्या ठेवावा तसा.

दुखणं हाडांत उतरून पाठ धरली तेव्हा तू आपण होऊन म्हणालीस, "शेकाला येते. कापायला न्हाई." गाडीत मी खोचक विचारलं, "देवीला विचारलंस का?" "आता हेच्यापायी तिला कशाला तरास?" म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघून हसलीस. मला तेव्हा ते खटकायला हवं होतं.

डॉक्टरांनी आणखीही उपाय सांगितले. बीजकोश काढून टाकायचे, किंवा पुरुषांच्या अंगात असतं ते द्रव्य सुईनं द्यायचं. काही बायकांचं दुखणं त्यानं थोपतं, पण आवाज घोगरा होतो, मिशाही फुटतात. "नगं बाबा," तू म्हणालीस, "घरात एक दादला हाये तेवडा पुरं." तो अख्खा वॉर्ड हसला. मग तुला कोबाल्टच्या खोलीत नेलं. ते जाड दार लागलं आणि आम्ही सगळे बाहेर. बाहेर आल्यावर तू सांगितलंस, "आत कुनीच नसतं, बाई. नुसती घरघर. समदी आपली मानसं भाईर हुबी, आन आपुन आत एकलं." मी त्या खोलीत कितीदा जाऊन आलेली. मला हे कुणाला सांगताच आलं नव्हतं.

शेकानं पाठीची कळ थांबली थोडे दिवस. त्याच फेरीत मी माझ्या तपासणीला गेले, आणि तिथं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, की बाहेरच्या देशांत आता सर्जनच आपसांत भांडायला लागलेत. सगळ्याच बायकांचं सगळं काढायला हवं का? गाठ लहान असेल तर नुसती गाठ काढून शेक दिला तर नाही का भागणार? उत्तर यायला अजून काही वर्षं जातील म्हणाले. मी ऐकून बाहेर आले, तू बाकावर शेंगा सोलत बसलेली. तुझाच प्रश्न होता तो, हौसा. तू डॉक्टरांना विचारला होतास आणि माझ्या मनात आलं होतं, काय अडाण्यासारखं विचारतेय ही. तुला सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि तू माझ्या हातावर सोललेले दाणे ठेवलेस. मी खाल्ले. सांगितलं नाही. तुझी गाठ काही तेव्हा लहान नव्हती, त्या उत्तराचा तुला उपयोगही झाला नसता कदाचित. पण तुझा प्रश्न वेडा नव्हता, एवढं तरी तुझ्या कानावर जायला हवं होतं. आता सांगते आहे, रिकाम्या पायरीला.

शेवटी दम पुरेना. तळेगावच्या दवाखान्यात नेतो म्हणाले तर मान हलवलीस. मी उशाशी बसले होते, तुझा हात हातात. म्हणालीस, "आता तरी भांडू नगा, बाई." मी म्हटलं, "भांडणार." तू हसलीस. त्यानंतर तू पाणी मागितलंस धोंडूकडे, माझ्याशी बोलली नाहीस.

काल मी वाघजाईकडे गेले. पाया पडायला नव्हे. सोडणार नव्हते मी तिला. हा असा हात घेऊन डोंगर चढले, दोनदा बसले, दम लागला की तुझ्या नावानं शिव्या घातल्या. गुरवआबा देवळापुढं झाडत होते. मी वहाणा काढल्या आणि तिथंच सुरू केलं. "आबा, तुमच्या देवीला विचारा, एका बाईचा जीव वाचत होता तर हिच्या बापाचं काय जात होतं? का दिला डावा?"

आबांनी खराटा खाली ठेवला. मग म्हणाले, "देवीला बोल लावू नगा, बाई. कौल लावलाच न्हाई हौसानं."

"लावला नाही म्हणजे?"

"आली व्हती त्या दिशी, दिस उगवायला. मी पाकळ्या घेतल्या, म्हनलं, इचार. तर म्हनली, न्हाई इचारायचं, आबा, जरा टेकते. बसली हितं, ह्या पायरीला. पार ऊन वर येईस्तवर बसली. मंग उटली आन म्हनली, कुनी पुसलं तर डावा पडला म्हना."

"आणि तुम्ही म्हणालात? खोटं?"

"म्हनलं. मी बी तिला इचारलं, का गं पोरी, देवीच्या नावावर का घालतीस? तर म्हनली, आबा, मी न्हाई म्हनले तर कोन ऐकतंय? धोंडू ऐकायचा न्हाई, पोरगं ऐकायचं न्हाई. आन बाई तर मुळीच न्हाई."

हौसा, मी त्या पायरीवर बसले. तुझ्यासारखीच, ऊन कलेपर्यंत. आबांनी गुळपाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

इतका काळ मी देवीवर दात धरून होते आणि तिचा संबंधच नव्हता. तुझ्या घरात तुझ्या 'न्हाई'ला किंमत नव्हती, हे मला कळतं. धोंडूचं 'तिला काय इचारायचं' मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि माझं काम सोपं झालं म्हणून मला ते बरंही वाटलं होतं. पण त्याच्या रांगेत तू मला बसवलंस? बिब्ब्याचा डाग मी ओळखला, गाठ मी धुतली, माझी उघडी छाती फक्त तुला दाखवली, आणि ज्यांना देवीचं नाव सांगून गप्प करायचं त्यांत मी सगळ्यांत पुढं?

बरोबरच होतं तुझं. तेच तर झोंबतंय. तू सरळ म्हणाली असतीस, बाई, मला नको, तर मी काय केलं असतं? रडले असते, पाया पडले असते, नाही नाही ते बोलले असते, आणि शेवटी दंडाला धरून गाडीत घातलं असतं. तू जगली असतीस का? मला वाटतं, जगली असतीस. कागद चाळणाऱ्या त्या डॉक्टरांना तेवढं वाटत होतं का, ते त्यांनाच ठाऊक. हे कुणालाच कळणार नाही आता. हेच दाराशी येतं रोज दुपारी.

आणि एक सांगू? माझ्या वेळी मलाही कुणी विचारलं नव्हतं. सासरे, दीर, हे, डॉक्टर, सगळ्यांनी ठरवलं आणि मला नेलं. मी हो म्हणाले होते की काय, ते मला आठवतसुद्धा नाही. मी वाचले, म्हणून तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. मीही नाही.

मला तू हवी होतीस, हौसा. एका बाजूची, सुजल्या हाताची, लावणीला न चालणारी, कशीही. उद्या उठून आलीस तरी मी तुला त्याच गाडीत बसवीन, हे तुला ठाऊक आहे, म्हणून तर तू तसं केलंस. पण आता देवी मधून बाजूला झाली. आता तुझ्यामाझ्यात फक्त तुझं ते एक 'न्हाई' आहे, जे तू देवळाच्या पायरीवर एकटीनं ठरवलंस आणि मला कधी दिलं नाहीस.

मी ऐकलं ते. पटलेलं नाही मला. पण ऐकलं.